आप्पांच्या नळीतली जिलबी

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि माझाही. भुताखेतांवर, भानामतीवर, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी धंद्याने आचारी. गावात मोठ्या जेवणाच्या भट्ट्या कुठे लावतात, ठाऊक आहे ना? जिथे मोकळी जागा असेल तिथे. आणि कायम मोकळी असणारी जागा बहुतेक गावांत एकच — स्मशानाकडेची. एकदा तर तेराव्याच्या जेवणासाठी, अमावास्या असताना, मी स्मशानाच्या भिंतीला पाठ टेकवून दोन पोती कांदे चिरलेत. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याने. माझ्या अंगात आयुष्यात एकदाच आलं, तेही एका हळदीच्या कार्यक्रमात, आणि त्याची बाटली नंतर मीच लपवली.

तर असा मी माणूस. आणि तरीही पुढे जे लिहितोय ते घडलं. भर दिवसा घडलं, दौंडात घडलं, आणि माझ्याच तोंडात घडलं.

रांजणगावची एमआयडीसी तेव्हा नुकती भरत होती, म्हणजे दोन हजार सालाच्या आगेमागे. मी शिरूरला राहायचो आणि तिथल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कुक होतो. लग्नसराईत रजा टाकून जेवणावळी करायचो. ही विद्या मला दिली आप्पांनी. आप्पा दौंडचे. वाळक्या अंगाचे, मिश्या झाऱ्यासारख्या, आणि आवाज असा की पंगतीच्या या टोकाला ‘वाढा’ म्हटलं की त्या टोकाचा वाढपी दचकून दोनदा वाढायचा.

आप्पांचा एक कायदा होता. नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्यातला थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. मग मीठ कसं कळायचं? झाकण काढायचे, वाफेत तोंड घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “आर्धी मूठ कमी हाय.” मिठाला वास नसतो, हे मला शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. आप्पांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

मी मात्र चोर. पोत्याआड जाऊन तळहातावर थेंब घेणार, चाटणार आणि मग साळसूदपणे वाफेत तोंड घालून “पाव मूठ घालू का आप्पा?” असं विचारणार. भांडगावच्या एका लग्नात सापडलो. आप्पांनी झाऱ्याची दांडी पाठीत घातली, आणि दोनशे माणसांची येसर आमटी उसाच्या पाटात ओतून दिली. अहो, अख्खी आमटी! (येसर म्हणजे गहू, डाळ, धने, मिरची, खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडच्या लग्नात त्याची आमटी नसेल तर लग्न लागलं असं कुणी धरत नाही.) मुहूर्ताला तास राहिलेला, नवरदेव मारुतीला जाऊन आलेला, आणि आम्ही दुसऱ्यांदा फोडणी देतोय. फोडणी देता देता आप्पा एवढंच म्हणाले, “आधी तुझ्या तोंडात गेलं, म्हंजी ते तुझं झालं. पाव्हण्याला तुझं खाऊ घालू व्हय?”

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग आप्पांचा आवाज बसला. भट्टीचा धूर म्हणा, विडी म्हणा... आधी वाटलं सर्दी, मग वाटलं दृष्ट. पुण्याच्या हॉस्पिटलने जे नाव सांगितलं ते त्यांच्या लेकीने घरात कधीच उच्चारलं नाही. ही शांताताई. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, नवरा रेल्वेत होता तो लवकर गेलेला, आणि तेव्हापासून आप्पा तिच्याकडे. जिभेला धार म्हणाल तर आमच्या विळीला लाजवेल.

आधी शेक दिले, म्हणजे रेडिएशन. त्याने भागलं नाही. मग ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की आता श्वास गळ्याच्या भोकातून, नाकातून नाही. तोंडातून पोटाकडे जाणारा रस्ता आतून नवा शिवलाय, ते टाके भरेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंब नाही. खाणं सगळं नाकातल्या नळीने.

नळीने भरवायचं कसं, ते सिस्टरने शिकवलं. ताईला ते बघवेना, म्हणून सिरिंज माझ्या हातात आली. सांगतो, ऐका, कारण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. रोग्याला उशांना टेकवून बसवायचं. सिरिंजचा दांडा काढून नुसती नळकांडी घ्यायची. नाकातली नळी चिमटीत दाबून धरायची, मगच बूच काढायचं, नाहीतर पोटात हवा. नळकांडी जोडायची, उंच धरायची आणि ओतायचं. दाबायचं नाही! आपल्या आपण उतरू द्यायचं. आधी साधं पाणी, मग अन्न, मग पुन्हा पाणी, नळी धुऊन निघायला. अन्न म्हणजे डाळीचं पाणी, नाचणीची पेज, ताक, सगळं दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळलेलं. दर दोन तासांनी दोनशे मिली. हजार पानांची पंगत शिट्टी वाजवत उठवणारा मी, पण त्या दोनशे मिलीला माझ्या कपाळावर घाम यायचा.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी परीक्षा घेतली. चमचाभर निळं पाणी तोंडाने प्यायला दिलं. आप्पांनी गिळलं. आम्ही सगळे त्यांच्या गळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो. अर्ध्या मिनिटात पट्टीवर निळा ठिपका आला. मग तो पसरला.

टाका आतून उसवला होता. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, नळीने भरपूर खाऊ घाला, अंगात ताकद आली तर आतलं भोक आपोआप बुजेल, महिना-दीड महिन्याने परत बघू. आणि नाही बुजलं तर? डॉक्टर नळीकडे बघत म्हणाले, “मग हीच.”

म्हणजे सगळा डाव एकाच गोष्टीवर होता. आप्पांनी खायला हवं होतं.

आणि आप्पा खाईनात.

आवाज गेला त्याचं त्यांनी एवढं मनावर घेतलं नाही. पाटी-पेन्सिल दिली होती, तिच्यावर करकरत शिव्यासुद्धा द्यायचे. पण खाण्याची वेळ आली की भिंतीकडे तोंड. मी थर्ड शिफ्ट मागून घेतली होती. सकाळी कंपनीच्या बसने शिरूर, तिथून मोटारसायकल काढून न्हावऱ्यावरून दौंड. दहा, बारा, दोन आणि चारचं खाणं माझ्याकडे, मधल्या वेळात ओसरीवर डुलकी. बाकीच्या वेळांना ताई मन घट्ट करून भरवायची. मी सिरिंज घेऊन पुढे झालो की आप्पा दोन बोटांनी नळी मुरगळून धरायचे. पाटीवर लिहायचे, “नको.” पुढे एकदा सविस्तर लिहिलं, “हे खाणं न्हाई. गाडीत तेल भरत्यात तसं हाय.”

खरंच होतं ते. पेज जिभेला लागत नाही, नाक मेलेलं, वास नाही. एकदा मी डाळीचं पातेलं जवळ आणलं तर जन्माच्या सवयीने त्यांनी वाफेत तोंड घातलं... डोळेही मिटले. श्वास गळ्याच्या भोकातून येत-जात होता. वाफ नाकावरून नुसती वर निघून गेली. त्यांनी डोळे उघडले आणि पातेलं हाताने बाजूला केलं.

पंधरा दिवसांत शर्टाची कॉलर मानेभोवती रिंगणासारखी फिरायला लागली. ताई देवापुढे बसायची, मी आप्पांपुढे. दोघांचंही कुणी ऐकत नव्हतं.

आता खरी गोष्ट. मंगळवार होता, दुपारचे बारा. ताईने मुगाच्या डाळीचं पाणी करून दिलं. मी ते दाराआड नेऊन गाळलं, आणि जुनी खोड... तळहातावर थेंब घेऊन चाटला. काहीच लागलं नाही. म्हटलं, सर्दी असेल. आत आलो. गयावया करून आप्पांची बोटं नळीवरून सोडवली आणि ओतायला लागलो. निम्मी सिरिंज उतरली असेल नसेल, आप्पांनी डोळे उघडले. ओठ हलवले. जीभ तोंडातल्या तोंडात फिरवली, माणूस घास घोळवतो तशी. मग पाटी ओढून लिहिलं.

“मीठ न्हाई घातलं?”

मी ताईकडे बघितलं. ताईने डोक्याला हात लावला. विसरली होती.

म्हटलं, योगायोग. दोनच्या पेजेला पुन्हा दाराआड चाटलं, पुन्हा मला काही लागलं नाही. आप्पांनी लिहिलं, “जिरं करपलं.” फडक्यात बघितलं, तर खाली काळं जिरं. चारच्या ताकाला लिहिलं, “आंबाट. कालचं हाय.” ताक कालचंच होतं. आणि गंमत अशी, की त्या दिवशी आप्पांनी तिन्ही वेळेला पुरे दोनशे मिली घेतलं. बोटं नळीकडे गेलीच नाहीत.

मी सायन्सवाला माणूस आहे. दहावीपर्यंत का होईना. मी तपास सुरू केला. ताई भरवायची तेव्हा काय व्हायचं? काही नाही, आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी न चाखता भरवलं तर? काही नाही. चाखून भरवलं तर? पाटीवर मजकूर! म्हणजे चव माझ्या जिभेवर पडायची आणि निघायची तिकडे. मला हातात नुसतं पाकीट, पत्र आप्पांना.

मधे पट्टी बदलायला पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टरांना मी हे हसत हसत सांगून बघितलं. तेही हसले. म्हणाले, पेशंट तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो हो, आयुष्य स्वयंपाकात गेलंय त्यांचं. मला पटलं. उलट बरं वाटलं. मग घरी आल्यावर मी चेहराच काढून घेतला. ताईला म्हटलं, बाराचं तुम्ही भरवा. मी घराबाहेर, फाटकापाशी, घराकडे पाठ करून उभा राहिलो आणि खिशातून चिंचेचं बुटुक काढून चघळायला लागलो. चामडं चघळल्यासारखं लागलं. तेवढ्यात आतून ताईची हाक आली. आत गेलो तर आप्पांनी एक डोळा घट्ट मिटलेला, गाल आत ओढलेला, आणि पाटीवर एकच शब्द.

“चिंच?”

ताई म्हणाली, “आरं, मी तर नाचणी दिली. याला भ्रम व्हायला लागला का काय?”

माझ्या पायाखालची फरशी गार पडली, एवढंच सांगतो.

आता शहाणा माणूस इथे घाबरून एखाद्या जाणत्याकडे गेला असता. मी कुठे गेलो? हलवायाकडे. कारण मला दिसत होतं ते एवढंच, की चव असली की आप्पा खातात, आणि खाल्लं तरच ते आतलं भोक बुजणार. दुसऱ्या दिवशी गरम जिलबी घेऊन आलो. सिरिंज डाव्या हातात उंच धरली, उजव्या हाताने जिलबी तोंडात घातली आणि चावत राहिलो. ओला कागद, पण नळीतून डाळीचं पाणी उतरत होतं आणि आप्पांच्या चेहऱ्यावर... काय सांगू! डोळे मिटलेले, मान हळूहळू डोलतेय, पाक बोटांवर आल्यासारखी बोटं एकमेकांवर घासतायत.

नेमकी ताई आत आली.

तिच्या बाजूने विचार करा. बाप महिनाभर तोंडाने पाणीसुद्धा प्यायलेला नाही, आणि त्याच्या उशाशी त्याचा लाडका चेला गालफडं फुगवून जिलब्या चघळतोय.

“बाळू,” ती म्हणाली, फार हळू म्हणाली, म्हणून जास्त लागलं. “माणूस उपाशी हाय, आन् तू त्याच्या पुढ्यात बसून जिलबी हाणतूस? लाज कुठं शिरूरला ठिवून आलास का?”

माझं तोंड भरलेलं होतं. आप्पांनी पाटी घेतली. “खाऊ दे त्याला.” आणि खाली, जरा वेळाने, “आजून एक.”

ताई पाटीकडे बघत राहिली, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेली. तिला किती कळलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग महिनाभर मी दौंडातला सगळ्यात खादाड माणूस होतो. भेळ, स्टेशनवरची गरम भजी, इनामगावच्या फाट्यावरचा पेरू तिखटमीठ लावून, हुलग्याचं माडगं, एकदा सुकट. पाटीवर फर्माइशी यायच्या, मी चावायचो, नळीतून पेज उतरायची. आप्पांची कॉलर पुन्हा मानेला लागायला लागली. वजनकाट्यावर उभे राहून त्यांनी मला डोळा मारला. मी जिंकत होतो, राव!

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आधी चव फक्त भरवण्यापुरती जायची, नंतर तासभर परत यायची नाही. मग दिवसभर. मग यायचीच बंद झाली. घरी बायको म्हणाली, “भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, तुम्ही मुकाट्यानं खाल्ली?” तिला लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा गुणी वाटला असावा. कँटीनमध्ये मात्र गुणीपणा चालत नाही. मी वरणात दोनदा मीठ घातलं. तीनशे माणसांनी ताटं तशीच परत ठेवली. सुपरवायझरने मला बोलावून विचारलं, पिऊन आलास का? मी म्हटलं, नाही साहेब. आणि खरं सांगितलं असतं तर? तो म्हणाला असता, पिऊनच आलास.

जीभ गेलेला आचारी. सुतार आंधळा झाला तर निदान लोकांना दिसतं तरी. मी मोटारसायकलवरून दौंडला जाताना तोंडात मिरची धरायचो. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक वाहायचं, झोंबायचं नुसतं, पण मिरचीची म्हणून जी चव असते, ती नाही. तिकडे आप्पांनाही ती लागत नसणार, त्यांची नळी तर बंद होती. मग ती जात कुठे होती?

एके दिवशी दोनचं भरवून झाल्यावर आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग लिहिलं, “तुला लागती का चव?”

ताई दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “लागती की, आप्पा. झकास लागती.”

त्यांनी पाटी पुसली. उगाच दोनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी मी भजी घेऊन बसलो तर आप्पांनी नळी मुरगळून धरली आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. थुंक. मी थुंकलो. मग त्यांनी स्वतः बोटं सोडली, डोळे मिटले, आणि बेचव दोनशे मिली औषधासारखं घेतलं. चारला पुन्हा तेच. मला कळलं, की त्यांना कळलंय. माझ्यासाठी ते गाडीत तेल भरून घेत होते.

पण दोन दिवसांनी बोटं पुन्हा नळीकडे जायला लागली. निम्मंच घ्यायचे. निळ्या पाण्याच्या तपासणीला आठवडा राहिलेला. मी काय केलं असेल? ताईला म्हटलं, माझा खांदा दुखतोय, तुम्ही भरवा. आणि फाटकाबाहेर, भिंतीआड उकिडवा बसून भेळ खायला लागलो. येणारी-जाणारी माणसं बघायची. बघू देत. भेळेचा कागद संपला आणि ताई बाहेर आली. तिने पाटी माझ्या नाकासमोर धरली.

“भेळ शिळी हाय. त्याला म्हणावं ताजी घे.”

मी पाटीकडे बघून हसलो, आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ताई तिथेच उभी होती.

तपासणीच्या दिवशी पुन्हा निळं पाणी. आप्पांनी गिळलं. आम्ही पट्टीकडे बघत बसलो. अर्धं मिनिट. एक मिनिट. पाच मिनिटं. पट्टी पांढरीच राहिली. सिस्टरने टाळी वाजवली, ताईने हात जोडले. नळी काढली. डॉक्टर म्हणाले, आता चमचा-चमचा तोंडाने सुरू करा.

ताईने घरून पातळ शिरा करून आणला होता, साजूक तुपातला, अगदी मऊ, आणि हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गरम करून घेतला. दोन महिन्यांनी पहिला घास. मी बाजूला तिथलाच चहा घेऊन उभा होतो. आप्पांनी आधी वाटीच्या वाफेत तोंड घातलं. मग चमचा तोंडात घेतला, घोळवला, गिळला. दुसरा घेतला. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडात चहा आला... पाणचट, जळका, उकळून उकळून मेलेला चहा, आणि तो मला लागला! अख्ख्या पुण्यातला सगळ्यात वाईट चहा असेल तो. मी रडत रडत प्यायलो.

वर बघितलं तर आप्पा पाटीवर लिहीत होते.

“काय बी लागत न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, शेक दिल्यावर होतं असं, महिन्यांनी येईल, कदाचित नाही येणार. माझ्या डोक्यात एकच. पळत जाऊन समोरच्या दुकानातून जिलबी आणली, आप्पांसमोर उभा राहिलो आणि चावायला लागलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. घास घ्यायचे, माझ्याकडे बघायचे. जिलबी गोड लागली. मलाच. एवढी गोड की घशाखाली जाईना. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. आप्पांनी माझा हात धरून खाली केला आणि मान हलवली. राहू दे.

नळी गेली तशी वाटच बंद झाली. जोवर ते जेवू शकत नव्हते तोवर मी त्यांना चव देऊ शकत होतो. आता समोर भरलं ताट होतं, तोंडाने खात होते, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. पुढचे तीन महिने मी प्रत्येक रविवारी दौंडला गेलो, काही ना काही चावत त्यांच्यासमोर बसलो. ते सगळं खायचे. कागद खाल्ल्यासारखं.

मार्गशीर्षात त्यांनी पाटीवर लिहिलं, “येसर आमटी कर.”

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आप्पा खुर्ची टाकून बसले. येसर पाण्यात कालवून सोडलं, उकळी आली, मीठ घालायची वेळ आली. चाखायला सवयीने डाव उचलला, आप्पा बघत होते. मी डाव खाली ठेवला. वाफेत तोंड घातलं. मला काय कळणार, कपाळ? डोळे मिटले, चिमटीत मीठ घेतलं, टाकलं, आणखी घेतलं... आणि हात थांबला. का थांबला, मला विचारू नका. देवाला नैवेद्य दाखवला, भाकरी कुस्करून आप्पांना वाटी दिली.

पहिला घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग वाटी दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत प्यायले. पाटी मागितली.

“मीठ बरूबर.”

ताईने तोंडावर पदर घेतला. आप्पांनी खाली लिहिलं, “चाखली का?”

“देवाशपथ न्हाई, आप्पा.”

आप्पा हसले. आवाज नाही, गळ्यापुढचं फडकं नुसतं उडत होतं. मग मी माझी वाटी भरून घेतली. घोट घेतला.

गरम पाणी.

भाकरी लागली, कांदा लागला, शेंगदाण्याची चटणी लागली. आमटी नाही.

त्यानंतर आप्पा जवळजवळ वर्षभर होते. बाकी कशाची चव त्यांना शेवटपर्यंत आली नाही. येसर आमटीची मात्र यायची. दर रविवारी मी न चाखता करायचो आणि ते पाटीवर मीठ बरोबर की कमी ते लिहायचे. कमी फार कमी वेळा लिहिलं. ते गेले तेव्हा, वाईट दिसतं पण सांगतो, मनात आलं होतं की आता माझी आमटी मला परत मिळेल. दिवसकार्य झाल्यावर केली. गरम पाणी. आजही तेच. कान-नाक-घशाच्या दोन डॉक्टरांना दाखवलं. चव गेली तर सगळी जाते, एका पदार्थाची जात नाही, असं दोघांनीही सांगितलं. म्हणजे मला जे होतंय ते होत नसतं. याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि कुणाकडे असेल असंही वाटत नाही. मी आमटी वाफेवर करतो. लोक पुन्हा पुन्हा वाढून घेतात.

मध्यंतरी ताईच्या नातवाचं लग्न दौंडातच झालं. जेवण माझ्याकडे. ताई आता काठी घेऊन चालते. नैवेद्य झाल्यावर ती भट्टीजवळ आली, तळहातावर थेंब मागितला, चाटला.

“आप्पांची हाय,” म्हणाली. आणि मग, “तुला कशी लागली रं?”

“झकास लागली, ताई.”

तिने पदराला हात पुसला. “आप्पाला बी असंच सांगितलं व्हतंस,” म्हणाली, आणि काठी टेकत पंगतीकडे निघून गेली.

दुसरं पातेलं उकळत होतं. मी झाकण काढलं आणि वाफेत तोंड घातलं.